फास्टर फेणे किती वर्षांचा?

लोकप्रिय पुस्तकमालिकेवर चित्रपट निघतो, वाचक मोठ्या आशेने तो पाहायला जातात आणि नाराज होऊन बाहेर येतात. या नाराजीचे कारण बहुधा एका वाक्यात उरकले जाते: पुस्तकात असे नव्हते. हे वाक्य खरे असते, पण त्यातून काही कळत नाही. पुस्तकात होते तसे पडद्यावर कधीच नसते. दोनशे पानांतली माणसे, प्रसंग आणि मनातले बोलणे दोन तासांत बसवायचे तर काटछाट ठरलेली. काही वेळा वाचकांना ही काटछाट मुळीच खुपत नाही, तर काही वेळा एखादा बदल जिव्हारी लागतो. हा फरक कुठून येतो हे तपासायला मराठीत भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. वीस पुस्तके, दूरदर्शनवरची एक मालिका आणि २०१७ सालचा एक चित्रपट, असा त्याचा प्रवास आहे.

भास्कर रामचंद्र भागवत (१९१०–२००१) यांचा जन्म इंदूरचा. त्यांनी 'बालमित्र' हे मुलांचे मासिक चालवले. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' अशा नावांनी मराठी मुलांच्या हाती दिल्या. पण या सगळ्या कामावर कडी केली ती त्यांनी घडवलेल्या एका पोराने. बनेश फेणे, मूळ गाव फुरसुंगी, शिक्षणासाठी पुण्याच्या विद्याभवन शाळेत. अंगाने काटकुळा, सायकलीवर वाऱ्यासारखा, संकट दिसले की त्यात उडी घेणारा आणि तोंडाने 'ट्टॉक' असा आवाज काढणारा. पुस्तकांची नावे नुसती वाचली तरी त्याचा पल्ला कळतो: 'प्रतापगडावर फास्टर फेणे', 'फास्टर फेणेची काश्मिरी करामत', 'चक्रीवादळात फास्टर फेणे', 'विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे'. प्रतापगडावरून थेट गुलमर्गला पोचला तरी हा गडी शाळकरीच राहिला. वर्षे सरली, पुस्तके वाढली, त्याचे वय काही वाढले नाही. मुलांच्या साहसकथांचा हा अलिखित नियमच आहे. वाचक मोठा होऊन निघून जातो, नायक तिथेच थांबून पुढच्या वाचकाची वाट पाहतो.

१९८७ साली दूरदर्शनवर फेणेची मालिका आली. तिच्यात सुमीत राघवन फेणे होता आणि तेव्हा तो स्वतःही किशोरवयातच होता. त्यानंतर तीस वर्षांनी, २७ ऑक्टोबर २०१७ रोजी, आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'फास्टर फेणे' प्रदर्शित झाला. रितेश आणि जेनेलिया देशमुख यांच्या मुंबई फिल्म कंपनीची ही निर्मिती होती, लेखन क्षितिज पटवर्धनचे होते. यातला बनेश शाळा संपवून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला आहे आणि ती भूमिका तिशीच्या उंबरठ्यावरच्या अमेय वाघने केली आहे. परीक्षाकेंद्रावर भेटलेल्या एका मुलाचा मृत्यू होतो, तो आत्महत्या म्हणून नोंदला जातो, बनेशला ते पटत नाही आणि शोध घेता घेता तो परीक्षेतल्या गैरव्यवहाराच्या म्होरक्यापर्यंत पोचतो. हा म्होरक्या, अप्पा, गिरीश कुलकर्णींनी रंगवला आहे. बनेश ज्यांच्या घरी उतरतो ते घरमालक म्हणजे खुद्द भा. रा. भागवत, आणि ते दिलीप प्रभावळकर.

चित्रपट बऱ्याच जणांना आवडला. जुन्या वाचकांमध्ये मात्र दोन तट पडले. ते तट समोरासमोर बोलते करण्यासाठी इथे दारव्ह्यातले दोघे कल्पिले आहेत: शाळेतून निवृत्त झालेले एक मामाजी आणि वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीतून नुकतीच पार पडलेली त्यांची भाची. दोघेही फेणेचे चाहते, पण मामाजींना तो पुस्तकातून भेटला आणि भाचीला आधी पडद्यावर.

दारव्हा निवडण्यामागे कारण आहे. यवतमाळ जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात, यवतमाळपासून चाळीसेक किलोमीटरवर. पुणे इथून एका रात्रीच्या बसप्रवासाइतके लांब. फेणेच्या गोष्टींतल्या पुण्याच्या पेठा, शाळा, टेकड्या इथल्या मुलांनी पाहिलेल्या नसत. सदाशिव पेठेतल्या मुलाने फेणेवर जीव टाकला तर त्यात नवल नाही. दारव्ह्यातल्या मुलाने का टाकावा, हे सांगता आले तर मालिकेचे बळ नेमके कशात होते तेही सांगता येईल. पुस्तके इथवर आली ती वाचनालयांच्या वाटेने. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर शासनमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीने अनुदान मिळत गेले आणि पुण्या-मुंबईत छापलेली बालपुस्तके तालुक्याच्या कपाटांत दिसू लागली. बहुतेक वेळा संच अपुरा असे. तिसरे पुस्तक आधी, पहिले दोन वर्षांनी. पण नायक मोठा होत नसल्यामुळे कोणत्याही पुस्तकापासून सुरुवात केली तरी बिघडत नसे. मालिकेची ही सोय समीक्षक विसरतात, ग्रंथपालांना मात्र ती पाठ असते.

वाद सुरू होतो तो वयापासून.

मामाजी: तू सांग मले, फेणे म्हणजे काय? सायकल? ट्टॉक? ते तर पिक्चरमधे पण आहे. फेणे म्हणजे पोट्टा. ज्याले मोठे लोक म्हणतात, जा, खेळ तिकडं, तो पोट्टा चोर पकडून आणते. आता त्याच्या जागी दाढी आलेला माणूस उभा केला अन् त्यानं चोर पकडला, तर त्यात काय मोठं? पकडलाच पाहिजे त्यानं.

भाची: मामाजी, पिक्चरमधला बनेश पण मोठ्यांसमोर लहानच आहे ना. पोलीस त्याचं ऐकत नाहीत. अप्पाजवळ पैसा आहे, माणसं आहेत. याच्याजवळ काय आहे? बारावी झालेल्या पोराचं कोण ऐकतं आपल्याकडं?

मामाजी: बारावीच्या पोराचं ऐकत नसतील, पण त्याले भीती तर दाखवतात! शाळेतल्या पोराले कोणी भीतीसुद्धा दाखवत नाही. तो कोणाच्या मोजदादीतच नसते. म्हणून तर तो कुठंही शिरू शकते. चोर त्याच्यासमोर बोलून जातात, कारण हे पोरगं काय समजणार. माह्या लहानपणी मले कोणी मोजतच नव्हतं. म्हणून मले फेणे आपला वाटला.

मामाजींच्या या बोलण्यात भावना आहे तसा बालसाहसकथेचा कारागिरीचा नियमही आहे. लहान नायकाच्या गोष्टीत वय हे नुसते वर्णन नसते, कथानकाचे ते यंत्र असते. मुलगा दुर्लक्षित असतो म्हणून त्याला ऐकू येते, अंगाने लहान असतो म्हणून त्याला निसटता येते, आणि पोलिसांकडे जाऊन फायदा नसतो म्हणून सगळे स्वतःलाच करावे लागते. सायकलीचे महत्त्वही त्यातूनच येते. शाळकरी मुलाच्या मालकीचे, कोणाला न विचारता वापरता येणारे ते एकमेव वाहन. वय वाढवले की ही सगळी चाके निखळतात आणि त्यांच्या जागी दुसरे काहीतरी बसवावे लागते. चित्रपटाने ते बसवले. दमदार खलनायक, पाठलाग, शहरातल्या अंधाऱ्या जागा. हे सगळे नेटके आहे, फक्त ते प्रौढांच्या रहस्यपटाचे सामान आहे. भूभू नावाचा रस्त्यावर वाढलेला एक लहान मुलगा चित्रपटात आहे आणि मूळ फेणेच्या वाट्याला येतील अशी कामे बऱ्याचदा त्याच्याकडे जातात. पटकथेला मुलाची गरज भासलीच, इतके तरी त्यावरून दिसते.

'फास्टर' या शब्दाचीही दारव्ह्यात वेगळीच गंमत होती. गावातून जाणारी रेल्वे म्हणजे यवतमाळ–मूर्तिजापूर ही अरुंद मापाची शकुंतला. ११३ किलोमीटरच्या या मार्गावर गाडीचा वेग असा की सायकलवाल्याने तिच्याशी शर्यत लावावी. ती गाडी आता बंद पडली आहे. फुरसुंगीच्या पोराला इथे आणून सोडले असते तर त्याने सायकलीवर टांग मारून आधी दिग्रसचा रस्ता धरला असता, असे म्हणणारे जुने वाचक सापडतील.

भाचीचा पुढचा मुद्दा मात्र सहज उडवून लावण्यासारखा नाही.

भाची: तुमचा फेणे पुण्याच्या शाळेत शिकतो. दारव्ह्याची किती पोरं शाळेसाठी पुण्याला जातात? पण पिक्चरमधला बनेश परीक्षेसाठी बाहेरगावाहून पुण्याला येतो, दुसऱ्याच्या घरी राहतो, सेंटरवर अनोळखी पोरांत बसतो. हे मी केलं आहे, मामाजी. माझ्या वर्गातली अर्धी पोरं लातूरला, नांदेडला, अकोल्याला गेली. मार्क कमी पडले म्हणून जीव द्यायच्या गोष्टी आम्ही ऐकल्या आहेत. तुमच्या पुस्तकात विमानचोर आहेत. मी अजून विमानात बसली नाही.

मामाजी: मी पण बसलो नव्हतो. म्हणून तर वाचलं!

भाची: म्हणजे तुम्हाले तुमच्या जगातून बाहेर नेणारा पाहिजे होता. मले माझ्या जगात येणारा भेटला. यात दगा कोणाचा झाला?

इथे भाचीचे पारडे जड आहे. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशासाठीही 'नीट' आली आणि राज्याच्या अभ्यासक्रमावर तयारी करणाऱ्या मुलांची एकच धांदल उडाली. चित्रपट त्याच्या पुढच्याच वर्षीचा. २०२४मध्ये नीटच्या पेपरफुटीवरून देशभर गदारोळ झाला, चौकशी सीबीआयकडे गेली, तेव्हा चित्रपटातला अप्पा अनेकांना आठवला असेल. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथली एक जागा मिळवण्यासाठी दारव्ह्यातले घर दोन-दोन वर्षे एका मुलीच्या वेळापत्रकावर चालते. या घराला परीक्षेतली फसवणूक हा विमानचोरीहून मोठा गुन्हा वाटतो, आणि वाटायलाच हवा. चित्रपटाने निवडलेला गुन्हा भागवतांच्या कोणत्याही गुन्ह्याइतकाच नेमका आहे, तो आपल्या काळातून आला आहे आणि महानगराबाहेरच्या मुलांना तो थेट भिडतो.

मामाजींना हे मान्य करावे लागते, पण ते आपली जागा सोडत नाहीत.

मामाजी: विषय चांगला आहे, मी कुठं नाही म्हणतो? पण मंग त्या पोराचं नाव फेणे काहून ठेवलं? दुसरं कोणतंही ठेवा. लांजेवार ठेवा, राठोड ठेवा. मी पिक्चर पाहीन अन् टाळ्याही वाजवीन. फेणे नाव ठेवलं म्हणून मी तिकीट काढलं, आणि आत फेणे नव्हता.

भाची: नाव नसतं तर तुम्ही तिकीटच काढलं नसतं ना!

मामाजी: तेच तर सांगून राहिलो मी तुले.

नाव हीच खरी देवघेव असते, आणि मालिकेच्या बाबतीत ती एकट्या कादंबरीपेक्षा मोठी असते. सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'वर २०१३मध्ये चित्रपट आला तेव्हाही वाचकांनी तक्रारी केल्या. पण ती एका गोष्टीबद्दलची तक्रार होती. मालिकेतला वाचक एका गोष्टीला धरून बसत नाही. वीस गोष्टींपैकी कोणतीही घ्या, नवी रचा, त्याला चालते, कारण गोष्टी बदलतात हे त्याला दुसऱ्या पुस्तकापासून ठाऊक असते. न बदलणारे जे असते त्यावर त्याचा जीव जडलेला असतो. म्हणून चित्रपटाने नवे कथानक घेतले याबद्दल फेणेच्या वाचकांची कुरकुर फारशी झाली नाही. जे स्थिर होते ते हलवले, त्याची झाली.

हे मत बाहेरच्या उदाहरणांवर घासून पाहता येते. शेरलॉक होम्सला बीबीसीने २०१०मध्ये एकविसाव्या शतकात आणले, हातात मोबाइल दिला. १८८७पासूनच्या या नायकाच्या चाहत्यांनी ते उचलून धरले. काळ बदलला होता, पण वॉटसन होता, विक्षिप्त बुद्धी होती, वयही साधारण तेच होते. बंगालीत सत्यजित राय स्वतःच फेलुदा या गुप्तहेराचे लेखक आणि स्वतःच दिग्दर्शक. 'सोनार केल्ला' (१९७४) आणि 'जय बाबा फेलुनाथ' (१९७९) मध्ये सौमित्र चटर्जी फेलुदा झाले आणि संतोष दत्त त्याचा सोबती जटायू. दत्तांचा चेहरा इतका बसला की पुढच्या पुस्तकांतली रायांची रेखाचित्रेही त्यांच्यासारखी होत गेली. फेलुदा प्रौढ आहे आणि तरीही तो मुलांचा नायक आहे, हे भाचीच्या बाजूचे उदाहरण म्हणून पुढे करता येईल. पण तिथे गोष्ट सांगणारा तोपशे हा किशोरवयीन भाऊ आहे. मूल वाचक त्याच्या खांद्यावरून फेलुदाकडे पाहते. फेणेच्या गोष्टीत असा मधला कोणी नाही, वाचकाची जागा फेणेच्याच सायकलीच्या सीटवर आहे. तोपशेचे वय वाढवले असते तर बंगालीतही हाच वाद पेटला असता.

सर्वांत जवळचे उदाहरण अमेरिकेतले. रिक रिऑर्डनच्या पर्सी जॅक्सन मालिकेचे पहिले पुस्तक २००५चे, त्यातला पर्सी बारा वर्षांचा. २०१०च्या चित्रपटात तो सोळा-सतरा वर्षांचा केला गेला, म्हणजे मोठ्या मुलांचा प्रेक्षकवर्गही मिळेल. चित्रपट निघण्यापूर्वीच लेखकाने निर्मात्यांना लिहून कळवले होते की यामुळे मूळ वाचकच दुरावेल. २०१३च्या दुसऱ्या चित्रपटानंतर ती चित्रमालिका थांबली. डिसेंबर २०२३मध्ये डिस्नीने लेखकाला बरोबर घेऊन नवी मालिका काढली तेव्हा पर्सी पुन्हा बारा वर्षांचा झाला. तिकडच्या वाचकांचे गाऱ्हाणे आणि मामाजींचे गाऱ्हाणे यांत शब्दाचाही फरक नाही, आणि मामाजींनी पर्सी जॅक्सनचे नाव ऐकलेले असण्याचे कारण नाही.

आता निर्मात्याची बाजू. ती भाचीच मांडते, आणि जरा घाईने.

भाची: लहान पोराला हिरो घेतला की लोक म्हणतात बालचित्रपट. मग सकाळचा एक शो, तोही शाळांसाठी. तालुक्याला तर येतच नाही. मराठी पिक्चरला आधीच थिएटर भेटत नाही, त्यात हे. कोण पैसे घालणार?

मामाजी: 'एलिझाबेथ एकादशी' कोणत्या सालचा?

भाची: दोन हजार चौदा.

मामाजी: त्यात कोण होतं? पंढरपूरची पोरं. अन् पिक्चर कशावर? सायकलवर!

'एलिझाबेथ एकादशी' परेश मोकाशींचा. विकायला निघालेली सायकल वाचवण्यासाठी मुले एकादशीच्या यात्रेत दुकान मांडतात, एवढीच त्याची गोष्ट. त्याला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच काळात नागराज मंजुळेंचा 'फँड्री' आला, अविनाश अरुणच्या 'किल्ला'ला २०१४च्या बर्लिन महोत्सवात मुलांच्या ज्यूरीने क्रिस्टल बेअर दिले. त्याआधी २००८मध्ये 'टिंग्या' येऊन गेला होता. मराठी चित्रपटाला शाळकरी नायक झेपत नाही हे म्हणणे त्या दशकात तरी टिकणारे नव्हते.  मात्र भाचीच्या बाजूने एक दुरुस्ती करायला हवी. टिंग्या, 'फँड्री'तला जब्या, 'किल्ला'तला चिन्मय ही मुले प्रौढांनी हळहळून पाहावीत अशी आहेत. त्यांच्या वाट्याला बैल विकला जाणे येते, जात येते, बापाचा मृत्यू येतो. चोर पकडणे त्यांतल्या कोणाच्याच नशिबी नाही. मुलांनी मुलांसाठी पाहायचे साहस, गुदगुल्या करणारी भीती आणि शेवटी मिळवलेला विजय, हा प्रकार मराठी पडद्यावर तेव्हाही ओसाड होता. दिलीप प्रभावळकरांच्या 'बोक्या सातबंडे'वर २००९मध्ये आणि 'चिंटू' या चित्रपट्टीवर २०१२मध्ये चित्रपट झाले. दोन्हींत मुले मुलांच्याच वयाची ठेवली होती. ते प्रयत्न प्रामाणिक होते, पण त्यांतून प्रघात पडला नाही. फेणे हा प्रघात पाडू शकला असता, अशी मामाजींसारख्यांची आशा होती आणि म्हणून निराशाही मोठी. हे गाऱ्हाणे जितके चित्रपटाबद्दल आहे तितकेच एका रिकाम्या जागेबद्दल आहे.

प्रभावळकरांचे नाव इथे आडवे येतेच, तर थोडे थांबायला हरकत नाही. चिं. वि. जोशींचा चिमणराव दूरदर्शनवर त्यांनी उभा केला, बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले, आणि त्या दोन चेहऱ्यांनी पुस्तकातल्या चेहऱ्यांना कायमचे झाकले. त्याबद्दल कोणी कधी रुसले नाही. चिमणरावाचे वय, बावळटपणा, कोट-टोपीतला कारकुनी थाट, सगळे जागच्या जागी होते. आणि जोशींच्या गोष्टी सुट्या असल्यामुळे भागाभागांनी दाखवायला त्या जन्मतःच तयार होत्या. पुढे प्रभावळकरांनी स्वतः बोक्या लिहिला आणि 'फास्टर फेणे'त ते भागवत झाले. मराठीतल्या तीन लाडक्या मालिकांशी तीन वेगळ्या नात्यांनी जोडलेला असा दुसरा माणूस नाही. भागवतांना चित्रपटात पात्र म्हणून आणण्याची कल्पना गोड आहे. तिच्यात एक अडचणही आहे. लेखक पडद्यावर आला की तो वडीलधारा होतो, आणि त्याच्या छत्राखाली राहणारा नायक आपोआप पोरका उरत नाही. पुस्तकातला फेणे संकटात एकटा पडतो, त्याचा लेखकही त्याला सोडवायला येत नाही.

भाचीचा शेवटचा पवित्रा सर्वांत हुशारीचा आहे.

भाची: भागवतांनी स्वतः काय केलं, मामाजी? ज्यूल व्हर्नचं फ्रेंच पुस्तक घेतलं आणि मराठी करून टाकलं. नाव बदललं, भाषा बदलली. व्हर्नचा जुना वाचक कुठं असता तर तोही म्हणाला असता, माझं पुस्तक बिघडवलं. तुम्ही तर तेच वाचून मोठे झाले!

मामाजी थोडा वेळ गप्प राहतात.

मामाजी: त्यांनी बदललं ते पोरांसाठी. पोरांले समजावं म्हणून. इथं पोरांपासून काढून मोठ्यांले दिलं. दिशा पाहा ना, बाई.

'दिशा' हा शब्द मामाजींनी सहज वापरला, पण तो वादाच्या गाभ्याचा आहे. भागवतांची रूपांतरे वाचकसंख्या खालच्या वयाकडे वाढवत होती. मराठी शाळकरी मुलाला व्हर्न आधी फारसा मिळत नव्हता, त्यामुळे कोणाचे काही हिरावले गेले नाही. चित्रपटाने मात्र मुलांचा नायक, त्या मुलांच्या आता मोठ्या झालेल्या पिढीला परत विकला. त्या पिढीला तो परत मिळाल्यासारखे वाटले, काहींना हरवल्यासारखे. २०१७मध्ये दहा-बारा वर्षांचे असलेले मूल या हिशेबात कुठेच नव्हते. खून, आत्महत्येचा बनाव, मुलांना वापरून घेणारा अप्पा. त्या वयाच्या मुलाला हे पाहायला नेताना आईबापांनी दोनदा विचार केला असणार.

या सगळ्यात वाचकाचा अधिकार किती? कायद्याच्या नजरेत काहीच नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतात, म्हणजे फेणेचे हक्क २०६१च्या अखेरपर्यंत. चित्रपट करायची परवानगी त्यांनी द्यायची. त्याच कायद्याचे कलम ५७ लेखकाला आणखी एक गोष्ट देते: हक्क विकल्यानंतरही, कृतीची मोडतोड होऊन आपल्या नावाला बट्टा लागत असेल तर तो आक्षेप घेऊ शकतो. मन्नू भंडारींनी 'आपका बंटी' या कादंबरीवरच्या 'समय की धारा' चित्रपटाविरुद्ध हेच कलम वापरले आणि १९८६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने करार झालेला असला तरी हा हक्क शाबूत राहतो असे मानले. त्या कादंबरीच्या केंद्रस्थानीही एक लहान मुलगाच आहे. लेखकाला मिळालेले हे संरक्षण वाचकाला नाही. वीस पुस्तके तोंडपाठ असलेल्या मुलाने वयाची तक्रार घेऊन जायचे तर खिडकीच नाही. तो करू शकतो ते एवढेच की पुस्तक पुढच्या मुलाच्या हातात द्यायचे, आणि मामाजींनी ते आधीच केले आहे. चित्रपट पाहून झाल्यावर भाचीने वाचनालयातून 'प्रतापगडावर' आणले ते त्यांच्याच सांगण्यावरून.

भाची: वाचलं मी. चांगलं आहे. पण मले पिक्चर अजूनही आवडतो.

मामाजी: आवडू दे ना. कोण नाही म्हणते?

भाची: आता ओटीटीवर मालिका काढली पाहिजे. वीस पुस्तकं, वीस भाग. कोणी काढली तर पाहाल?

मामाजी: फेणे कोणत्या वर्गात आहे, ते आधी सांगा म्हणा.